ड्यूक काही मरत नाही

ऑर्विल क्रेसलरने आयुष्यात एकच मोठी थाप मारली, आणि ती खरी व्हावी म्हणून एका अजगराच्या मरणाची वाट बघत म्हातारा झाला.

अजगर म्हणजे बकरी गिळणारा नव्हे. ही आफ्रिकेतली लहान जात, हात लावला की वेटोळं करून डोकं आत लपवणारी. बायको गेली आणि पोरगी, ट्रूडी, बोलायचीच थांबली, तेव्हा ऑर्विलने तो हायवेवरच्या दुकानातून आणला. आठ-दहा वर्षं जगेल, असं दुकानदार म्हणाला होता. ट्रूडीने त्याचं नाव ठेवलं ड्यूक. पोरगी पुन्हा बोलायला लागली, आधी ड्यूकशी आणि मग बापाशी.

पुढे एकोणिसाव्या वर्षी ती एका ट्रकवाल्याबरोबर अ‍ॅरिझोनाला निघून गेली. ऑर्विलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाताळात ड्यूकला न्यायला येते, असा तिचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, "कुठला ड्यूक? दिला बर्फात फेकून."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

ड्यूक तेव्हा त्याच खोलीत, काचेच्या पेटीत दिव्याखाली पसरला होता. ऑर्विलला वाटलं, रागावलीय, दोन दिवसांनी करेल फोन, तेव्हा सांगू खरं. तिने केला नाही. आपण करावा, तर याचा ताठा आड आला. मग त्याच्या सुपीक डोक्यातून युक्ती निघाली. साप असाही दोन-तीन वर्षांत मरणार. मेला की थाप ती थाप राहणार नाही, आणि मग पोरीला मोकळ्या मनाने फोन करता येईल. आता या अकलेला काय म्हणावं!

हिवाळा आला की ड्यूक खाणं सोडायचा. फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेला उंदीर ऑर्विल कोमट पाण्यात सोडायचा, चिमट्याने नाकापुढे धरायचा, आणि ड्यूक तोंड फिरवायचा. महिनेच्या महिने असेच जायचे. दर हिवाळ्यात ऑर्विल मनाशी म्हणायचा, आटोपलं याचं. पण रात्री उठून पेटीची ऊब बघायचा, पाणी बदलायचा, वीज गेली तर त्याला स्वतःच्या सदऱ्यात घेऊन बसायचा. मरावा असं वाटायचं आणि मरू द्यायला जीव धजायचा नाही. मार्च उजाडला की ड्यूक फटकन उंदीर पकडायचा, आणि ऑर्विलला आनंदही व्हायचा आणि फोन आणखी एक वर्ष पुढे गेला हेही कळायचं.

मधे एकदा ट्रूडी आली होती, काकाच्या अंत्यविधीला. बापाने पेटी तळघरात, घर तापवणाऱ्या भट्टीशेजारी नेली, वर चादर टाकली आणि जिन्याच्या दाराला पाठ लावून तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. ती कॉफी पिऊन गेली. ड्यूकचं नावही तिने काढलं नाही.

आता ऑर्विलचे गुडघे गेले. वृद्धाश्रमात जागा मिळाली, पण तिथे जनावर चालत नाही. म्हातारा साधा अजगर कोणी घेईना. सगळ्यांना पिवळी, पांढरी, रंगीबेरंगी पिल्लं हवीत. शेजारची व्हर्ना म्हणाली, डॉक्टरकडून मरणाची सुई देऊन टाक, नाहीतरी तुझ्यापेक्षा म्हातारा दिसतोय तो.

ड्यूकला उशीच्या अभ्र्यात घालून, वरून गाठ मारून, तो जनावरांच्या डॉक्टरकडे गेला. अभ्रा ट्रूडीचा होता, निळ्या फुलांचा. आज थाप खरी होणार होती आणि कोणाला कधी कळणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी ड्यूकला हातावर घेतलं, तोंड उघडून बघितलं आणि विचारलं, की याला झालंय तरी काय? ठणठणीत आहे हा, ही जात पन्नास वर्षंही काढते, अजून दहा सहज जगेल.

ऑर्विलने पुन्हा गाठ मारली आणि घरी येऊन अ‍ॅरिझोनाला फोन लावला: ड्यूक जिवंत आहे, घेऊन जा.

ट्रूडी चौथ्या दिवशी आली. केस पिकले होते, ट्रकवाल्याची साथ कधीच सुटली होती. पेटीपुढे ती गुडघ्यांवर बसली. ड्यूकच्या मानेवरचा तुटक्या बांगडीसारखा पट्टा तिने बोटाने चाचपला. ड्यूक वेटोळं न करता तिच्या मनगटावर चढला. ऑर्विलला वाटलं, सुटलो.

"तू याला मारलंस म्हणून मी येत नाही, असं वाटायचं तुला?" तिने विचारलं.

"मग?"

"ते मी कधीच माफ केलं होतं, डॅड. रागात माणूस काहीही करतो. तू एकदा फोन करशील म्हणून थांबले होते." तिने ड्यूकला अभ्र्यात सोडलं. "पण हा जिवंत आहे. रोज उठून याला बघायचास, आणि रोज मला सांगायचं नाही असं ठरवायचास. हे कसं माफ करू?"

तिने गाडी आधी गरम केली, मग अभ्रा मांडीवर घेतला आणि गेली.

उंदरांची पिशवी फ्रीजरमध्येच राहिल्याचं त्याच्या नंतर लक्षात आलं. गुडघे सांभाळत तो पिशवी घेऊन दारापर्यंत आला, पण रस्त्यावर कोणी नव्हतं. सांगायला फोन करावा, म्हणून त्याने रिसीव्हर उचलला आणि अ‍ॅरिझोनाचा नंबर लावला. पलीकडे, तिच्या रिकाम्या घरात, घंटा वाजत राहिली.