तातेरावांचे तीन तास

बारा वाजून दहा मिनिटांनी पंखे थांबले आणि पाचही टेबलांवरचे स्क्रीन काळे झाले. चौघांनी डोक्याला हात लावला. पाचवे तातेराव. त्यांनी टेबलावरची केबल आणि तिच्या टोकांना प्लग दाबून बसवायचा क्रिंपर उचलला, खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि उजेडात आठ रंगांच्या तारा ओळीने लावायला लागले. नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकल परीक्षेतल्या सहा प्रश्नांतला पाचवा प्रश्न केबल तयार करायचा होता आणि त्याला वीज लागत नाही, हे त्या खोलीत एकट्या त्यांनाच सुचलं.

मी भुजंग, जालन्यातल्या त्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटचा लॅब असिस्टंट. प्रॅक्टिकलच्या आधी राउटर, स्विच मांडायचे आणि परीक्षा झाली की पुसून कोरे करायचे, हे माझं काम. टेबलांखालच्या पाचही यूपीएसच्या बॅटऱ्या मेल्या होत्या. आमचे संचालक बद्रीनाथ सर यांना मी हे तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा ते "बघू" म्हणाले होते. त्यांच्या केबिनमधला पंखा मात्र इन्व्हर्टरवर मजेत फिरत होता. ही गोष्ट २००४ च्या मे महिन्यातली. आजही ती सांगताना माझं डोकं तापतं.

तातेराव मूळचे वाटूरचे. वय बेचाळीस. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये वायरमन म्हणून लागले, भट्टीच्या पॅनलवर. मिलमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा वजनकाट्यापासून ऑफिसपर्यंत केबल ओढायला त्यांनाच पाठवलं. केबल ओढली, पण ती चालेना. ती का चालत नाही ते शोधता शोधता हा माणूस नेटवर्किंग शिकला. मग सहा वर्षं तिथलं सगळं जाळं त्यांनीच सांभाळलं. आता नवीन मॅनेजर आला होता. त्याने सांगितलं, सर्टिफिकेट आणा, नाहीतर परत भट्टीवर जा. भट्टीच्या झळेने तातेरावांचा उजवा डोळा आधीच अधू झाला होता. डॉक्टरांनी तिकडे फिरकू नका म्हणून बजावलं होतं.

आदल्या वर्षी ते याच परीक्षेत नापास झाले होते. काम येत नव्हतं म्हणून नव्हे, तर पहिल्याच प्रश्नात अडकले आणि दोन तास तिथेच घालवले म्हणून. मिलमध्ये बिघाड सापडेपर्यंत उठायचं नाही, ही त्यांची सवय. परीक्षेत ती घात करते. म्हणून या खेपेला आम्ही दोघांनी हिशेब बसवला होता. प्रत्येक प्रश्नाला पंचवीस मिनिटं, शेवटची तीस तपासायला. घरी राउटर कुठून असणार? वहीत चौकोन काढून ते कमांड पेन्सिलीने लिहायचे आणि त्यांच्या पत्नी, द्वारकाबाई, भाकरी थापता थापता घड्याळाकडे बघून हाक द्यायच्या, "सोडा ते आता, फुडचं घ्या." मी एकदा त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा हे ऐकलं. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

एका गोष्टीवरून मात्र आमचं रोज वाजायचं. तातेराव दर ओळीनंतर सेव्ह करायचे.

"तातेराव, येका सेव्हला धा-पंधरा सेकंद जातात. तीन तासांत बराबर वीस मिनिटं जातील तुमची. शेवटी येकदाच करा ना."

"मिलमधी लाईट सांगून जाती का, भुजंगराव? येकदा दिवसभराचं काम गेल्तं माझं. तवापासून हात आपोआप तिकडंच जातो."

"मंग प्रश्न पुरे व्हतील का?"

"व्हतील. बाकीच्यात जल्दी करतो."

आणि केलीही त्यांनी जल्दी. वीज गेली तेव्हा त्यांचे चार प्रश्न झाले होते. बारा पस्तीसला वीज आली तेव्हा केबलही तयार होती. सगळे राउटर पुन्हा सुरू झाले. चौघांचे कोरे होते. तातेरावांचा जसाच्या तसा उठला. कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागले. मला मनातून इतका आनंद झाला की मी तोंड फिरवून उभा राहिलो.

"सर, माझं सगळंच गेलं," वसंता म्हणाला. शेजारच्या टेबलावरचा हा चोवीस वर्षांचा पोरगा हुशार होता, त्याचाही दोष नव्हता. बाकीचे तिघेही उठून परीक्षकांभोवती जमले.

परीक्षक पुण्याहून आले होते. त्यांनी बद्रीनाथ सरांशी दोन मिनिटं कुजबुज केली आणि जाहीर केलं, "सगळ्यांना समान संधी मिळाली पाहिजे. सगळे राउटर पुसा. परीक्षा पहिल्यापासून. वेळ दीड तास."

"साहेब, माझं शाबूत हे," तातेराव म्हणाले. "पाच प्रश्न झाले माझे. तपासून घ्या."

"मग तो इतरांवर अन्याय होईल."

"लाईट माझी बी गेल्ती, साहेब."

"हे बघा, मध्ये सेव्ह करायला मार्क नाहीत. ते शेवटी एकदाच करायचं असतं."

"मंग ज्यानं संभाळून काम केलं त्यानं चूक केली का?"

परीक्षकांनी घड्याळ बघितलं आणि तीनची गाडी आहे म्हणाले. म्हणजे गाडी साहेबांची, आणि तिच्यासाठी तीन तासांचे दीड करायचे ते आमच्या माणसांनी. बॅटऱ्या मेल्या सरांच्या, आणि भोग भोगायचे तातेरावांनी. याला ते समान संधी म्हणत होते.

"भुजंग, पूस," बद्रीनाथ सर म्हणाले.

मी पुसलं. मला "नाही" म्हणता आलं असतं. घरी लेकरंबाळं होती, नोकरी होती, हे सगळं खरं आहे, पण तोंड उघडता आलं असतं. मी उघडलं नाही. वर परीक्षकांच्या सांगण्यावरून तातेरावांनी खिडकीशी उभं राहून केलेल्या केबलची दोन्ही टोकं मी पक्कडीने छाटून टाकली. तातेराव माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी वहीचं पान उलटलं आणि सहाच्या सहा प्रश्नांसमोर पंधरा-पंधरा मिनिटं लिहिली.

दीड तास ते खाली मान घालून काम करत राहिले आणि पुन्हा दर ओळीला सेव्ह करत राहिले. पाणी द्यायच्या निमित्ताने मी जवळ गेलो. परीक्षक बाहेर फोनवर होते.

"आता न्हाई जायची लाईट," मी हळूच म्हणालो. "सोडा ते सेव्ह करनं."

"लिहून देता का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

वेळ संपली तेव्हा त्यांचा सहावा प्रश्न अर्धा राहिला होता आणि तपासायला वेळच न उरल्याने आधीच्या प्रश्नांतही घाईच्या चुका राहिल्या होत्या. पास व्हायला ऐंशी टक्के लागत होते. त्यांना सत्त्याहत्तर पडले. वसंताला त्र्याऐंशी. दीड तासात त्याने एकदाच सेव्ह केलं होतं, अगदी शेवटी. परीक्षेच्या अहवालात बद्रीनाथ सरांनी लिहिलं, परीक्षा सुरळीत पार पडली. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

त्यानंतर जुलैत वसंताचा फोन आला. तो तातेरावांच्याच मिलमध्ये लागला होता, नेटवर्कच्या त्यांच्याच जागेवर. बिलिंग बंद पडलंय, गाड्या काट्यावर खोळंबल्यात, एक स्विच घेऊन या म्हणाला. मी गेलो. वसंताने स्विच बदलून बघितला, पण काही होईना. तो घामाघूम झाला. शेवटी शरमिंदा होऊन म्हणाला, "तातेरावांनाच बोलवावं लागतंय."

ते भट्टीवरून आले. अंगावर जाड कपडे, उजवा डोळा लाल, सारखा पाणी गाळणारा. आधी बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, रुमालाने पुसले आणि मग आत आले. वसंता खुर्चीवरून उठला. तातेराव बसले नाहीत. वाकून, उभ्यानेच कीबोर्डवर बोटं चालवू लागले.

"बसा की, तातेराव," मी म्हणालो.

"नको. कपडे मळलेत माझे," ते म्हणाले. "खुर्ची खराब व्हईल त्याची."

दहा मिनिटांत बिलिंग सुरू झालं. बाहेर पहिल्या गाडीचं वजन झाल्याचा आवाज आला. वसंता काहीतरी बोलायला गेला, पण तोवर तातेराव दार हलकेच ओढून घेऊन निघून गेले होते.