पाळीचा संत

व्हेर्सोल गावात संत व्हँसाँला स्वतःचं घर नाही. द्राक्ष बागायतदारांचा हा संत, लाकडाचा, हातभर उंच. दर जानेवारीत तो एका घरातून उठतो, चर्चमध्ये हजेरी लावतो आणि शेजारच्या घरात वर्षभराच्या मुक्कामाला जातो. कपडे धुण्याच्या जुन्या हौदापासून निघालेला संत वरच्या वेशीला पोचेपर्यंत एक पिढी मातीत जाते आणि दुसरीचे गुडघे दुखायला लागतात. त्याच्या मंडळाचे नियम दोनच. एकही घर वगळायचं नाही, आणि उंबऱ्यावर ज्याने संताला दोन्ही हातांनी कवेत घेतलं तो त्या वर्षाचा यजमान. दोनच नियम असलेल्या मंडळात इतकी भांडणं कशी होतात, हे संतालाच ठाऊक.

फिर्मां जाकलोच्या घरी संत एकदा येऊन गेला होता, बापाच्या काळात. पण त्या वर्षी फिर्मां लष्करी नोकरीत, जर्मनीतल्या छावणीत बटाटे सोलत बसला होता. परत आला तेव्हा संत शेजारी गेलेला. आईने कोनाडा दाखवला, ‘इथे असायचा’ म्हणाली. तेव्हापासून फिर्मां त्या रिकाम्या कोनाड्याकडे बघत म्हातारा झाला. आता कुठे त्याची पाळी जवळ आली होती. मध्ये फक्त एक घर उरलं होतं, आणि घोडं नेमकं तिथेच अडलं.

ते घर बूशोंचं. बूशो म्हातारा गेला, पोरांनी घर विकलं, जिनिव्हाच्या एका दातांच्या डॉक्टराने घेतलं आणि पर्यटकांना आठवड्याच्या भाड्याने द्यायला काढलं. दारावर पाटी लागली, ‘गोड सुगी’. पाटीखाली किल्लीची छोटी पेटी, आकडे जुळवले की उघडणारी. बूशोच्या बायकोच्या तोंडून उभ्या जन्मात एक गोड शब्द निघाला नव्हता, पण हे पाटी रंगवणाऱ्याला कोण सांगणार!

मेयर एव्रारने मंडळाची बैठक बोलावली. एव्रार हा फिर्मांचा शाळेतला सोबती. गावात पर्यटक आणले ते त्यानेच. चर्चची घंटा पहाटे वाजते अशी भाडेकरूंची तक्रार आली, तेव्हा घंटेची वेळ न्याहारीनंतरची करून घेतली तीही त्यानेच.

“हे बघ फिर्मां,” तो म्हणाला, “रिकाम्या घरात संत कुणाच्या भरवशावर ठेवायचा? कुलपाच्या? वर्षभर पर्यटन कचेरीत ठेवू. काचेचं कपाट, आत दिवे. लोक बघतील तरी.”

“कपाटात बशा राहतात,” फिर्मां म्हणाला. “संत घरात राहतो.”

“बरं बाबा. मग सरळ तुझ्याकडे घेऊन जा. ‘गोड सुगी’ सोडून देऊ. कोण विचारतंय?”

टेबलाखालून बायकोने, युगेतने, फिर्मांच्या नडगीवर लाथ हाणली. हो म्हणायला काय लागत होतं? जीभ उचलायची फक्त. पण फिर्मांची जीभ वेळेवर उचलली गेली असती तर तो मेयर झाला असता.

“माझ्या बापाने कुणाची पाळी खाल्ली नाही. मी खाणार नाही. संत ‘गोड सुगी’त जाईल. मग माझ्याकडे येईल.”

घरी जाताना युगेत चवताळली होती. “अरे, ताटात वाढलेलं नको म्हणतं का कुणी? पुढच्या जानेवारीत तू असशील का, मी असेन का?”

“घर वगळून आणला तर तो माझ्याकडे तोंड फिरवून बसेल.”

“लाकडाचा आहे रे तो. फिरवणार कसं?”

“तुला नाही कळायचं.”

“कसं कळेल? मी पडले बाहेरची, शेजारच्या गावची!”

जिनिव्हाहून डॉक्टरची परवानगी आली. मूर्ती घराच्या सजावटीला शोभत असेल तर त्याची हरकत नव्हती, फक्त भिंतीला खिळा मारायचा नव्हता.

संताच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. मळ्यांत छाटणीच्या काड्या जळत होत्या, त्यांचा धूर गल्लीत उतरला होता. पुढे झेंडा, मग दोन तुताऱ्या आणि एक ढोल, मग पाद्री, ज्याला त्या सकाळी आणखी तीन गावं उरकायची होती. मिरवणूक ‘गोड सुगी’पाशी थांबली. फिर्मांने दार ठोठावलं. मंडळातला सर्वांत वयस्क म्हणून संत त्याच्याच हातात होता, पोचवण्यापुरता.

दार उघडलं ते अंगाला पंचा गुंडाळलेल्या एका धिप्पाड, टकल्या माणसाने. हा ओलिव्हिए वालार्त, उत्तरेकडच्या रूबे शहरात सिटी बस चालवणारा. बायको सांद्रिनला घेऊन आठवडाभराच्या सुट्टीवर आला होता. बोनचं रंगीत कौलांचं जुनं रुग्णालय पाहून झालं होतं, क्ल्युनीचा पडका मठ पाहून झाला होता, एक किल्ला धुक्यामुळे दिसला नव्हता, आणि तळघरं इतकी पाहिली होती की सांद्रिन आता जिन्याच्या पायऱ्या उतरायलाच घाबरत होती. समोर झेंडा, पाद्री आणि ढोल बघून वालार्त क्षणभर गोंधळला.

“हे भाड्यातच आहे का?” त्याने विचारलं.

कुणी हसलं नाही. फिर्मां पुढे झाला आणि बापाकडून ऐकलेले शब्द त्याने जसेच्या तसे उच्चारले. “हा आजपासून तुमचा. वर्षभर तुमच्या छपराखाली झोपेल. एक रात्रही त्याला एकटं टाकायचं नाही. पुढच्या जानेवारीत आम्ही न्यायला येऊ.”

“माझा?” वालार्तचा आवाज चिरकला.

“तुमचा.”

फिर्मां बोलत होता घराशी. ऐकत होता तो माणूस. त्याने पंचा काखेत घट्ट दाबला आणि संताला दोन्ही हातांनी कवेत घेतलं.

आता रिवाजाप्रमाणे यजमानाने सगळ्यांचं तोंड गोड करायचं, पेले भरायचे. मिरवणूक हलेना. सांद्रिनने आतून नवऱ्याला कोपराने ढोसलं. त्यांच्याकडे होतं ते त्यांनी आणलं, बटाट्याचे वेफर्स, उत्तरेकडचं उग्र वासाचं चीज, आणि बिअरची पेटी. बिअर! संत व्हँसाँच्या पुढ्यात! तुतारीवाल्याने तुतारी खाली ठेवली. शेवटी पाद्रीनेच पहिली बाटली उचलली, कारण त्याचे पाय गारठले होते. मग सगळ्यांनी उचलल्या. वीज काही पडली नाही, आणि त्या चीजबद्दल गावात आजही आदराने बोललं जातं.

रविवारी वालार्त मंडळी गेली. झाडलोट करणारी बाई आत गेली आणि ओरडतच बाहेर आली. संत नव्हता.

पाचव्या मिनिटाला एव्रार फिर्मांच्या स्वयंपाकघरात लालबुंद होऊन उभा होता. “घे तुझा नियम! पळवला ना त्या बसवाल्याने!” त्याने भाडेकरूचा नंबर आणलाच होता. फिर्मांने फोन लावला.

“पोचलो की आम्ही, व्यवस्थित!” वालार्त पलीकडून आनंदाने ओरडला. “मागच्या सीटवर पट्टा बांधून आणलं त्यांना. तुम्हीच म्हणालात ना, एक रात्रही एकटं टाकायचं नाही? स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलंय. सहावा मजला आहे, उजेड भरपूर. चालेल ना त्यांना?”

“पोलिसात देतो म्हणावं!” एव्रार फोन ओढायला लागला.

फिर्मांने फोनवर तळहात ठेवला. संत परत मागवला, तर त्या माणसाची पाळी मोडली आणि एक घर वगळलं गेलं. नाही मागवला, तर बापजाद्यांचा संत कुठल्याशा सहाव्या मजल्यावर, भांड्यांच्या शेजारी. आणि वर्षभरात काय वाट्टेल ते होऊ शकतं, त्याचं स्वतःचंसुद्धा. युगेतने या वेळी लाथ मारली नाही.

त्याने हात काढला. “चालेल,” तो म्हणाला. “फक्त शेगडीपासून लांब ठेवा. लाकूड तडकतं.”

गाव वर्षभर पोट धरून हसलं. पाववाली विचारायची, “काय फिर्मां, संताचा बसचा पास काढला का?” एप्रिलमध्ये कडाक्याच्या गारठ्याचं सावट आलं, कोवळे कोंब गारठू नयेत म्हणून मळ्यांत ओळींमधून मोठाल्या मेणबत्त्या पेटवल्या, आणि बागा करपल्या तर दोष कुणाचा हे आधीच ठरलेलं होतं. फिर्मां रात्रभर जागा होता. गारठा आला तो पलीकडच्या गावावरून निघून गेला. व्हेर्सोल वाचलं. पंचायतीने घेतलेल्या नव्या मेणबत्त्यांमुळे, असं एव्रारने वर्तमानपत्राला सांगितलं.

लाकडाची चौकशी करायला म्हणून फिर्मां दर रविवारी रूबेला फोन करू लागला. लाकडाचं बोलणं लवकर संपायचं. मग वालार्त बाकीचं सांगायचा. चौथ्या मजल्यावरच्या बेनाली बाईंच्या मुलाला नोकरी लागली, त्या संताला पुदिन्याचा चहा ठेवून गेल्या. खालच्या रखवालदाराने त्याच्या गळ्यात फुटबॉल संघाचा मफलर घातला. दर शनिवारी संताला भेटायला जिन्यात रांग असते.

“त्या लोकांना द्राक्षाची वेल तरी माहीत आहे का?” फिर्मांने एकदा कुरकुर केली.

“नाही हो. पण त्यांना कुणीतरी घरी राहायला आलंय याचंच अप्रूप.”

फिर्मांने कोनाड्याला चुना दिला. युगेतने लेसचा रुमाल विणला, उसवला, परत विणला.

पुन्हा जानेवारी आला. संत ‘गोड सुगी’तूनच निघायला हवा, म्हणून वालार्तने ते घर त्या आठवड्यासाठी भाड्याने घेतलं होतं. पण सकाळी त्याचा पत्ता नव्हता. मिरवणूक दारात उभी. एव्रार घड्याळ बघत होता आणि त्याच्या हातात खोकं होतं, खोक्यात पर्यटन कचेरीत विकायला असतो तसला प्लास्टरचा संत, गुलाबी गालांचा.

“घे, फिर्मां. पाद्रीला उशीर होतोय. फोटोत सारखाच दिसतो.”

“फोटोलाच दे मग,” फिर्मां म्हणाला आणि हात कोटाच्या खिशात कोंबून उभा राहिला. नाहीच आला तर? या वयात वाट तरी किती बघायची माणसाने?

इतक्यात हौदापाशी एक अख्खी बस येऊन थांबली. गल्लीत शिरेना, म्हणून सगळे उतरून चालत आले. पुढे वालार्त, या वेळी कोट घालून, कवेत संत, संताला मफलर. मागे सांद्रिन, बेनाली बाई, रखवालदार, पोरंबाळं, सगळी इमारत. मिरवणुकीत गावच्यांपेक्षा तेच जास्त भरले. ‘गोड सुगी’त शिरून ते रीतसर बाहेर आले, चर्चमधली हजेरी झाली, आणि जाकलोंच्या उंबऱ्यावर वालार्तने तेच शब्द म्हटले, एकही न चुकता. “हा आजपासून तुमचा.”

फिर्मांने संताला कवेत घेतलं आणि लहान पोरासारखा रडला. खूप आनंद झाला होता त्याला, लाज वाटण्याइतका. युगेत म्हणाली, “अरे, खाली पाडशील,” आणि तीही रडली.

अंगणात टेबलं मांडली. लोण्यातला गोड पाव, लसणीच्या गोगलगाई, तळघरातली बापाच्या हातची शेवटची बाटली. सगळं रंगात आलं असताना एव्रार पेला घेऊन फिर्मांजवळ टेकला.

“जिंकलास बाबा. वर्षभर मजा कर. पण पुढे काय? जरा वर बघ.”

फिर्मांने गल्लीत वर बघितलं. ‘वाइनचं स्वप्न’. ‘पिंपातली झोप’. ‘आजीचं तळघर’, जिथे आजी कधीच नव्हती. वेशीपर्यंत प्रत्येक दाराला किल्लीची पेटी, आणि एकाही धुराड्यातून धूर नाही. जन्मभर त्याने घरं मोजली होती ती आपल्या दारापर्यंतच. त्याच्या पुढची मोजायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपण शेवटचे, हे त्याला तिथे, हातात गोड पाव असताना कळलं. त्याने पाव बशीत परत ठेवला.

“कपाट तयार आहे,” एव्रार म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. हे म्हणताना त्याने नजर पेल्यात ठेवली.

फिर्मां उठला. वालार्त मोरीपाशी बाह्या सारून युगेतने धुतलेल्या बशा पुसत होता.

“ओलिव्हिए,” फिर्मां म्हणाला, “पुढच्या जानेवारीत काय करतोयस?”

“मी? काही नाही. का?”

“हे शेजारचं ‘वाइनचं स्वप्न’. गरम पाणी धड येत नाही म्हणतात, गादीही खचलेली आहे. पण संताच्या दिवसापुरतं ते आजच भाड्याने घेऊन टाक. आणि त्या बेनाली बाईंना सांग, त्याच्या पुढच्या वर्षीचं घर त्यांनी घ्यावं. मग रखवालदाराने. सगळ्यांना सांगून ठेव. वेशीपर्यंत बरीच घरं आहेत.”