परीक्षकबाईंनी पास केलेला माल

पिनवाल्याचं दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने फुटपाथवर उभं राहून घासाघीस करावी. पण खिशातल्या प्लेअरपासून टेबलावरच्या कॉम्प्युटरपर्यंत ज्याला म्हणून भोक असेल, त्यात बसणारी पिन तिथे हमखास मिळायची. म्हणून अख्खी गल्ली त्याला पिनवाला म्हणायची. खरं नाव बहुधा त्यालाही दुकानाच्या पाटीकडे बघून आठवावं लागत असेल.

नवीन माल आला की त्याचा एक नेम ठरलेला होता. हेडफोन असो, गळ्यात अडकवायचा स्पीकर असो, पहिला नग घरी बायकोकडे जायचा. ती ऐकायची, मान डोलवायची आणि शेरा द्यायची, "छान आहे. गोड वाजतोय." की दुसऱ्या दिवशी पिनवाला गिऱ्हाइकाला सांगायला मोकळा, "बिनधास्त न्या. आमच्या परीक्षकबाईंनी पास केलाय."

मागच्या साली मात्र तिने पास केलेला एक स्पीकर असा काही खरखरला, की विकलेले सगळे नग परत आले. त्याने घरी जाऊन तिची यथेच्छ चेष्टा केली. तीही हसली, जरा जास्तच हसली. पण असल्या गोष्टी नवऱ्यांच्या ध्यानात येत असत्या, तर जगातली निम्मी भांडणं मुळात झालीच नसती.

हल्ली त्याला एका गोष्टीने पोखरलं होतं. बायको हाकेला ओ देईनाशी झाली होती. तो बाहेरच्या खोलीतून हाका मारून दमायचा, आत ही आपली ढिम्म. समोर जाऊन रागावला, की उलट त्यालाच ऐकवायची, "इकडे तोंड करून बोला. भिंतीशी काय बोलताय?" सुरुवातीला तो हसण्यावारी न्यायचा. मग त्याच्या मनाने घेतलं, की हिचं आपल्यावरचं मन उडालं. इतक्या वर्षांच्या संसारात मन उडायला कारण लागत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलंही होतं. असलं सांगणारे लोक कधी कमी पडत नाहीत.

तेवढ्यात दुकानात कॉम्प्युटरला लावायचा एक नवा हेडफोन आला. पिसासारखा हलका, डोक्यावर आहे हेही विसरावं. त्याच्याबरोबर कंपनीने काचेत मांडायला एक डमी पाठवला होता. रंग तोच, वायर तीच, पिनही तीच, फक्त आत काही नाही. नुसतं कलेवर. पिनवाल्याने ठरवलं, या खेपेला परीक्षा बिरीक्षा काही नाही. हिला आपलं ते गाणं ऐकवायचं.

ते गाणं म्हणजे बागेतल्या बाकावरचं. लग्नाआधी दोघं तिथे भेटायची. त्याच्याकडे एक वॉकमन आणि दोघांत मिळून एकच इअरफोन. तेव्हाही तो धंद्याचा पक्का. इअरफोनवर डावा लिहिलंय तो डाव्याच कानात आणि उजवा तो उजव्याच, यात तडजोड नाही. म्हणून डावं बोंड तो स्वतःच्या हाताने तिच्या डाव्या कानात बसवायचा आणि उजवं स्वतः घेऊन पायाने ठेका धरायचा. ती लाजून खाली बघत राहायची आणि अगदी ठेक्यात मान हलवायची. हिला गाण्याचं अंग आहे, हे त्याने तिथेच ओळखलं होतं.

घरी त्याने तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं, तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला, पिन खोचली आणि गाणं लावलं. पडद्यावर गाण्याचं नाव आलं. त्याला स्वतःला काही ऐकू येत नव्हतं, पण गाणं तोंडपाठ. समोरच्या खुर्चीत बसून तो पायाने ठेका धरू लागला. तिची मान हलली. समेवर बरोब्बर थांबली, पुन्हा हलली. तिचे डोळे भरून आले.

"आपलं बाकावरचं," ती म्हणाली. "किती गोड वाजतंय हो!"

पिनवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. मन उडालं म्हणे! उडालेल्या मनाची बाई अशी रडते होय?

दुसऱ्या दिवशी एक शिक्षिका दुकानात आल्या आणि काचेतला हेडफोन मागू लागल्या.

"तो डमी आहे हो, बाई. आत काही नाही त्यात."

बाई खट्याळ. त्यांनी स्वतःच काचेतून काढून फोनला लावला आणि म्हणाल्या, "मग हे गातंय कोण? तुमचं भूत?"

पिनवाल्याने तो कानाला लावला. खणखणीत वाजत होता. काल काच पुसायला दोन्ही नग त्याने बाहेर काढले होते, तेव्हाच अदलाबदल झाली असणार. "घ्या! म्हणजे डमी मी घरी—" म्हणत तो मोठ्याने हसला, आणि मग त्याला तिची ठेक्यात हलणारी मान आठवली.

त्याने भरदुपारी शटर ओढलं आणि घर गाठलं.

ती स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून भाजी निवडत होती. त्याने उंबऱ्यातून हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग ओरडून. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं, पण तिचे हात तसेच चालत राहिले.

तो पुढे होऊन तिच्यासमोर बसला. येताना कॉम्प्युटरजवळून उचललेला कालचा हेडफोन त्याने पुढे धरला आणि नखाने त्याचं झाकण उचकटलं. आत स्पंजाचा एक तुकडा होता, बस.

तिने त्या तुकड्याकडे पाहिलं आणि हातातली जुडी खाली ठेवली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

ती त्याच्या ओठांकडे बघत होती. आता त्याला दिसलं, की ती नेहमी तिथेच बघते. "उजवा दोन वर्षं झाली, हळूहळू गेला," ती म्हणाली. "काल तुमचा पाय बघत होते. तुम्ही ठेका कधी चुकत नाही."

"आणि डावा?"

"डावा लहानपणीच गेला. तापात."

त्याला बाक आठवला. स्वतःच्या हाताने डाव्या कानात बसवलेलं बोंड आठवलं, आणि ती खाली मान घालून बसायची तेही. ती लाजत नव्हती. ती त्याचा पाय बघत होती. त्या बाकावर ते गाणं तिने कधी ऐकलेलंच नव्हतं.

"अगं, मग बोलायचं नाही का? उजव्यात घातला असता!"

"तुम्ही इतक्या हौसेने लावायचात. शिवाय घरच्यांनी बजावलं होतं, लग्न होईपर्यंत तोंड उघडू नकोस म्हणून. मग झाल्यावर तर सांगायचं राहूनच गेलं." तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "सांगितलं असतं तर केलं असतंत लग्न?"

हो म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण तो तेव्हाचा बावीस-तेवीसचा पोरगा त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, गाण्याचं वेड असलेला, गाण्याचं अंग असलेली मुलगी मिळाली म्हणून मित्रांना सांगत सुटलेला. खोटं बोलायचं नव्हतं. त्या पोराला एकदा विचारून घ्यावं, म्हणून तो क्षणभर थांबला. तेवढंच.

ती त्याच्या ओठांकडे बघत होती. ते हलले नाहीत.

"असू दे," ती म्हणाली. तिने भाजीची परात उचलली, उठली आणि त्याच्याकडे पाठ करून नळ सोडला.

"हो," पिनवाला म्हणाला. "अगं, हो! केलं असतं!"

नळ वाहत राहिला. ती भाजी धूत राहिली.