दीडची घंटा

पंजाबरावांनी घड्याळाची चावी ओढली, काटे गरगर फिरवले आणि घड्याळ सत्यशीलेच्या नाकासमोर धरलं.

"सांग."

सत्यशीला शाळेच्या खिचडीचे तांदूळ धूत होती. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग पटांगणातल्या कडुनिंबाच्या सावलीकडे पाहिलं आणि म्हणाली,

"पावणेअकरा."

"सावलीकडं काहून पाह्यतं? इकडं पाय. काटा कुठं हाय?"

"काटा कुठंबी असू द्या. वणीची गाडी आत्ताच गेली ना. पावणेअकराच झाले."

खरोखर पावणेअकराच झाले होते. पंजाबरावांनी काटे मात्र सव्वाचारवर नेऊन ठेवले होते. त्यांनी कपाळाला हात लावला. जन्मात घड्याळ न पाहता सगळीकडे वेळेवर पोहोचलेल्या बायकोला घड्याळ शिकवायचं म्हणजे काय, हे त्यांना आता कळत होतं. आणि परीक्षेला उरले होते पंधरा दिवस.

दोष त्यांचाच. मुकुटबनच्या अलीकडच्या या शाळेत ते सव्वीस वर्षं शिपाई होते. कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि त्यावर पडणारा त्यांचा हातोडा, यावर नुसती शाळाच नव्हे, अर्धं गाव चाले. शेतात निंदायला गेलेल्या बायाही मधल्या सुट्टीचे टोल ऐकून शिदोरी सोडत. एकदा ते तापाने दोन दिवस घरी पडले, तर क्लार्कने चौथा तास बारा मिनिटं आधीच मोडला होता. ती बारा मिनिटं पंजाबराव अजून विसरलेले नव्हते.

आता त्यांनाच दहावीला बसायचं होतं. प्रयोगशाळेतले परिचर रामराव डिसेंबरअखेर निवृत्त होणार होते. ती जागा पंजाबरावांना द्यायला हेडसर तयार होते, पण दहावी पास हवी. नाहीतर संस्था बाहेरून माणूस आणणार. अठ्ठ्याहत्तर साली गणितात गेले ते गेलेच. मग जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहिल्या, मग हा हातोडा हातात आला. प्रयोगशाळेचं कुलूप मात्र ते सव्वीस वर्षं रोज उघडत होते, आणि आत कोणी नसलं की भिंगातून आपल्या तळहाताच्या रेषा बघत उभे राहत. ही गोष्ट फक्त सत्यशीलेला माहीत होती.

दीपा मॅडमचा मोठ्या माणसांचा वर्ग दर रविवारी व्हरांड्यात भरे. दीपा मॅडम चोवीस वर्षांच्या, याच शाळेतून शिकून गेलेल्या. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलेले तिघे समोर बसत: अंगणवाडीतली मदतनीस बिजलीबाई, ट्रॅक्टरवाला बाबूसिंग आणि पंजाबराव. त्या वर्षी कापसाला कोणी विचारत नव्हतं. बाबूसिंगची भरलेली ट्रॉली जिनिंगच्या फाटकाशी तीन-तीन दिवस रांगेत उभी राही आणि तो तिथून चालत वर्गाला येई.

"काका, पाढा म्हणू नका, उदाहरण वाचा," दीपा मॅडम पंजाबरावांना म्हणत. "झाडाची उंची विचारली आहे. झाडावर चढायचं नाही, सावली मोजायची."

"सावलीचं माह्या बायकोले विचारा मॅडम. मले घड्याळाचंच समजते."

परीक्षेचं केंद्र याच शाळेत आलं. रामरावांना रोज पेपरचे गठ्ठे आणायला-पोहोचवायला तालुक्याला जायचं होतं. मग घंटा कोण वाजवणार? हेडसरांनी क्लार्ककडे पाहिलं आणि पंजाबरावांना ती बारा मिनिटं आठवली.

"सत्यशीला वाजवन," ते बोलून गेले. "तिले घड्याळ येते."

"तुमच्या मंडळी? अहो, बोर्डाची परीक्षा आहे."

"सर, सात वर्षं झाली तिले खिचडी शिजवाले. एक दिवस तरी कच्ची राह्यली का? एक दिवस तरी करपली का?"

हेडसर बराच वेळ नियमाचं पुस्तक चाळत बसले. घंटा कोणी वाजवायची हे त्यात कुठेच नव्हतं.

म्हणून आता ही शिकवणी. घड्याळ नाकासमोर धरून काही उमजेना, तेव्हा पंजाबरावांनी फरशीवर खडूने भाकरीएवढा गोल काढला, कडेने बारा तुरीचे दाणे मांडले आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या दोन काड्या मोडून काटे केले. अकरा जमले, बारा जमले. दीडला गाडी अडली.

"एक वाजून गेला ना? मंग बारका काटा एकावर काहून नाही?"

"तो एकाच्या घरून निघाला, दोनच्या घरी पोचला नाही. रस्त्यात हाय."

"आन् मोठा?"

"मोठा सहावर."

सत्यशीलेने काड्यांकडे डोळे बारीक करून पाहिलं. "म्हंजे बारक्याले रस्त्यात गाठायचं," ती म्हणाली, आणि त्यानंतर तिचं दीड कधीच चुकलं नाही. ती भांडी घासता घासता मध्येच हात पुसून घड्याळ मागे, बघे, आणि सावली बरोबर चालली आहे की नाही ते तपासे. पंजाबरावांना वाटे, आपण गणिताचा एवढा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं.

भाषेचे, विज्ञानाचे पेपर झाले. शेवटचा भूमितीचा. रोजच्यासारखं त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून सत्यशीलेच्या हाती दिलं.

"अकराले सुरू. अर्ध्या अर्ध्या तासानं एक टोला. एक-वीसले दोन. दीडले लांब घंटी. मिनिटाचा फरक नोको."

"महिना झाला, तेच सांगून राह्यले तुमी," सत्यशीला म्हणाली.

खोलीत खिडकीजवळचा बाक मिळाला. आजूबाजूला सोळा वर्षांची पोरं, आणि त्यांच्यात गुडघे बाकाखाली मावत नाहीत असे पंजाबराव. प्रमेय पाठ होतं, ते उतरलं. वर्तुळाची रचना जमली. मग लिहिता लिहिता अंगात काहीतरी हललं. ते पेन ठेवून उठले आणि सरळ दाराकडे चालू लागले.

"कुठे निघालात?" पर्यवेक्षक म्हणाले.

पंजाबराव दारात थांबले. हात हातोडा धरल्यासारखा अर्धा वर गेलेला. तेवढ्यात बाहेर बाराचा टोला पडला आणि सगळी खोली हसली. पर्यवेक्षकही हसले. पंजाबराव लाजून जागेवर आले. पण बसल्यावर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आतापर्यंत लिहिण्याच्या नादात तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं, आणि त्याआधीच्या सव्वीस वर्षांत आपली घंटा त्यांनी आतून कधी ऐकलीच नव्हती. भिंतीतून येताना ती केवढी तरी मोठी वाटत होती.

एक-वीसचे दोन टोल पडले तेव्हा एकच उदाहरण राहिलं होतं. नेमकं झाडाचं. आकृती काढून झाली होती, पण पुढचं सूत्र ओठावर येऊन परत फिरत होतं. त्यांनी घाम पुसला, खिडकीबाहेर पाहिलं. सत्यशीला कडुनिंबाखाली उभी होती. डाव्या तळहातावर घड्याळ, उजव्या हातात हातोडा, पदर कमरेला खोचलेला. ती घड्याळाकडे बघत होती आणि मध्येच खिडकीकडे. आणि एकदम त्यांना सूत्र आठवलं. सगळंच आठवलं, दीपा मॅडमच्या आवाजात. आता हवी होती दोन मिनिटं, फार तर तीन.

तिने हातोडा उचलला. पंजाबरावांचा डावा हात बाकावरून वर आला, पाचही बोटं उघडी, जरा थांब म्हणतात तशी.

सत्यशीलेने हात पाहिला. मग तिने मान खाली घालून घड्याळ पाहिलं.

दीडची लांब घंटा झाली. सगळ्या खोलीत पहिलं पेन पंजाबरावांनी खाली ठेवलं.

बाहेर ती हातोडा छातीशी धरून उभी होती.

"चुकली का जी?"

"नाही. बरोबर वाजली."

"तुमचं राह्यलतं काई. तुमी हात वर केलता."

पंजाबराव पायऱ्यांकडे बघत म्हणाले, "माशी बसलती."



जूनमध्ये निकाल लागला. बिजलीबाई सुटली, बाबूसिंग सुटला. पंजाबरावांचं गणित राहिलं. सवलतीचे गुण धरूनही चार कमी. दीपा मॅडम डोळे पुसत खिचडीच्या चुलीपाशी पंजाबरावांजवळ येऊन बसल्या.

"काका, झाडाचं उदाहरण पाच गुणांचं होतं. तुम्हाला ते येत होतं. रविवारी तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं तुम्ही."

सत्यशीलेने हातातली पळी खाली ठेवली. त्या दिवशी पोरांना तिने वाढलं, पण स्वतः जेवली नाही. घरी आल्यावर कोनाड्यातलं घड्याळ काढून पंजाबरावांपुढे ठेवलं.

"हे घ्या. मले नोको."

"काहून?"

"दोन मिन्टं थांबली असती तं कोणाचं काय गेलं असतं? माह्या हातानं तुमची जागा चालली." तिने घड्याळ आणखी पुढे सरकवलं. "तुमी रागवत बी नाही माह्यावर. रागवा ना जरा."

पंजाबरावांनी घड्याळ उचललं, हळूहळू चावी दिली. राग शोधायला गेलं तर सापडत नव्हता. उलट त्या दिवशी वर गेलेल्या आपल्या हाताची त्यांना लाज वाटत होती, आणि ती बोलून दाखवायची कशी ते कळत नव्हतं.

"आपली घंटी आतून लय मोठी वाजते," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं पोरं दचकत असतील, मले पत्ताच नाही."

मग त्यांनी घड्याळ पुन्हा कोनाड्यात ठेवलं, तिच्या फणीशेजारी. रोज सकाळी मात्र चावी द्यायला ते विसरले नाहीत.

ऑक्टोबरच्या परीक्षेचं केंद्रही इथेच आलं. ही शेवटची संधी; यानंतर जागा जाणारच होती. या खेपेला गठ्ठ्यांसाठी दुसरा माणूस होता, म्हणून रामराव मोकळे होते. आदल्या दिवशी ते प्रयोगशाळेच्या दारात पंजाबरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"हेडसरले सांगून आलो. घंटी मी वाजवतो. माहं घड्याळ जरा मागंच चालते, पयलेच सांगून ठेवतो."

आणि त्यांनी डोळा मिचकावला. माणूस मनाचा चांगला. आपल्या जागेवर पंजाबरावच यावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. पंजाबरावांनी आतल्या कपाटाकडे पाहिलं. ओळीने चंबू, परीक्षानळ्या, एका कोपऱ्यात ते भिंग. ते उंबऱ्यावर जरा जास्तच वेळ उभे राहिले.

"नाही रामराव," ते म्हणाले. "सत्यशीलाच वाजवन."

"अरे बाप्पा, एकदा त्या बाईनं तुले—"

"म्हणूनच म्हणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पटांगणात फारशी पोरं नव्हती. बोंडं फुटली होती, निम्मी शाळा वेचणीला गेलेली. पंजाबरावांनी कोनाड्यातून आणलेलं घड्याळ सत्यशीलेच्या मनगटावर बांधलं. पट्टा सैल होत होता, म्हणून खाली चिंधीची घडी सरकवली. ती मान खाली घालून बघत राहिली. जूनपासून तिने घड्याळाला हात लावला नव्हता.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

तिने सावलीकडे पाहिलं नाही. "दहा-पस्तीस."

पंजाबरावांनी मान हलवली, खिशातलं पेन चाचपलं आणि पायऱ्या चढू लागले. तिसऱ्या पायरीवर असताना मागून हाक आली.

"अजी."

ते वळले. सत्यशीला कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली होती, हातात हातोडा घेऊन.

"या खेपेला झाडाचं आधी लिहा," ती म्हणाली. "माशी बसली तरी मी काई थांबणार नाही."