मले

नांदुऱ्यात कादर पिंजाऱ्याचं नाव काढलं की एखादा म्हातारा अजून म्हणतो, हाव, तोच तो, ज्यानं कलकत्त्यात वऱ्हाडाचं नाक कापलं. म्हणू द्या. बोलणाऱ्याच्या तोंडाला काय हात लावता येतो? पण झालं ते तसं झालं नाही. आणि जे झालं ते कादरनं गावात आपल्या बायकोपलीकडे कोणाला सांगितलं नाही.

तेव्हा आपण मध्यप्रांताला जोडलेले. कारभार नागपूरहून चाले आणि वऱ्हाडाचं नाव शेपटासारखं मागून येई. फुटबॉलच्या टीमचंही तेच नाव, मध्यप्रांत-वऱ्हाड. दर दोन वर्षांनी हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या टीमा कलकत्त्याला एका ढालीसाठी जमत, आणि आपली टीम दरखेपी नव्या उमेदीनं जाऊन जुन्याच तोंडानं परत येई. पहिल्या खेपेला म्हैसूरनं सहा गोल चढवले. दुसऱ्या खेपेला पंजाबनं चार चढवले, आणि वर आपला एक गडी लंगडा करून पाठवला. तिसऱ्या खेपेला बरोबरी झाली म्हणून सामना पुन्हा खेळवला, तर त्यात हरले. बरं, हरणारे तरी कोण? कामठीचे, जबलपूरचे, नागपूरचे. अकरा जणांत वऱ्हाडातला एक माणूस नाही. म्हणजे हारसुद्धा आपल्या वाट्याची नाही!

हे खुपायचं ते नांदुऱ्याच्या उत्तमरावांना. माणूस तालेवार, शेतीवाडी भरपूर, पण जीव सगळा फुटबॉलात. गावातल्या कापसाच्या जिनामागचं रान त्यांनी घरच्या बैलांनी सपाट करून घेतलं, बाभळीचे खांब रोवून गोल उभे केले आणि गावातले गडी जमवून टीम केली. घरचे म्हणत, याला झपाटलं आहे. दरवर्षी ते नागपूरला जाऊन कमिटीवाल्यांपुढं बसत आणि विचारत, तुम्हाला वऱ्हाडाचा कापूस चालतो, मग वऱ्हाडाचा माणूस काऊन चालत नाही? कमिटीवाले चहा पाजत आणि वाटेला लावत.

कादर त्याच जिनात कामाला होता. गाडीवरून फेकलेले कापसाचे बोजे खाली उभं राहून झेलायचे, हे त्याचं काम. उत्तमरावांनी एकदा ते पाहिलं आणि तिथल्या तिथं त्याला उचलून गोलात उभं केलं. कादरचा बाप तो लहान असतानाच गेलेला. उत्तमरावांनी त्याला खेळ शिकवला, त्याचं लग्न गौसियाशी झालं तेव्हा मांडवात पुढं होऊन उभे राहिले, आणि चुकला तर चारचौघांत कान पिळला. कादर त्यांना भाऊ म्हणे आणि बापाला भ्यावं तसा भिई. घर त्याचं मूळचं वरवट बकाल गावचं. उर्दू मशिदीपुरती, बाकी भांडण काय नि लाड काय, सगळं वऱ्हाडीत.

चौथ्या खेपेला नागपूरच्या गोलकीपरचा हात मोडला. उत्तमरावांना चहा पाजून कमिटीही थकली होती. कादरची निवड झाली आणि नांदुऱ्यात अशी साखर वाटली गेली की जणू प्रत्येकाच्या घरी पाळणा हलला. गाडीवर पोचवायला सगळं गाव लोटलं. पण कादरचा चेहरा उतरलेला. त्यानं उत्तमरावांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "भाऊ, थे सारे हिंदी बोलनारे. माह्या बोलीले हसतीन. मी तिथं हिंदीच बोलतो."

उत्तमराव भडकले. "काऊन? कोनाच्या घरचं चोरून खाऊन राह्यला काय तू? गोलात उभा राहून आपल्याच बोलीत ओरडजो. कलकत्त्याले कळू दे, वऱ्हाड येऊन उभं राह्यलं म्हून. वचन दे मले."

कादरनं वचन दिलं.

आणि खेळला असा की काय सांगावं! पहिले दोन सामने आपण जिंकले, त्याच्या अंगावर एक गोल नाही. टीमचा मॅनेजर नागपूरचा, मोठा शुद्ध मराठी बोलणारा माणूस, तोही त्याची पाठ थोपटून गेला. जिनातले गडी तारेची वाट बघत कामं टाकून स्टेशनवर बसत. तिसरा सामना बंगालशी होता. तो जिंकला की ढाल एका सामन्यावर.

त्या सामन्यात शेवट जवळ आला तरी दोन्हीकडे गोल नव्हता. मैदानाभोवती माणसांचा समुद्र, कानात बोट घातलं तरी गोंगाट थांबेना. तेवढ्यात उजवीकडून एक उंच बॉल आला. तो सरळ कादरच्या हातातला होता. बोज्याहून सोपा. त्याच्यापुढं जबलपूरचा दुर्गाप्रसाद बॅकला उभा होता, भला माणूस, हिंदीपलीकडे अक्षर न येणारा. त्यानं बाजूला व्हावं म्हणून कादर हात पसरून पुढं धावला आणि जीव तोडून ओरडला, "मले! मले!"

मले म्हणजे मला. मला येऊ दे, तू सोड. आपल्याकडचं शेंबडं पोर हे समजलं असतं. पण दुर्गाप्रसादच्या कानावर त्या गोंगाटातून पडलं ते एवढंच, ले! ले! आणि हिंदीत ले म्हणजे घे. गोलकीपर घे म्हणतो तर बॅकनं घ्यायलाच हवं. बिचाऱ्यानं उडी मारून डोकं लावलं, बॉल त्याच्या डोक्याला घासून कादरच्या पसरलेल्या हातांवरून गेला आणि आपल्याच गोलात पडला.

त्यानंतर खेळायला वेळच राहिला नाही. तंबूत दुर्गाप्रसाद शपथा घेऊन सांगत होता की यानंच ले म्हटलं. कप्तानानं कादरला विचारलं. कादरनं सांगितलं, मी मले म्हटलं, मले म्हणजे मुझे. हरलेली माणसं, घामानं निथळत, मले मले करत हसली. मॅनेजर हसला नाही. तो म्हणाला, "अरे, निदान ‘मला’ तरी म्हणायचं." कादरला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

नांदुऱ्याला तारेनं बातमी पोचली ती एवढीच, की गोलकीपरच्या चुकीनं गोल झाला. टीम परतायच्या आतच कमिटीनं उत्तमरावांना नागपूरला बोलावून तोंडावर सांगितलं, आता वऱ्हाडातलं माणूस पुन्हा आणू नका. कादर गाडीतून उतरला तेव्हा स्टेशनवर एकटे उत्तमराव उभे होते. कमिटीचं बोलणं सांगून त्यांनी विचारलं, काय झालं बे?

खरं सांगायला कादरनं तोंड उघडलं होतं. पण समोर भाऊंचा चेहरा दिसला, आणि दिलेलं वचन आठवलं. मले म्हटलं हे एकदा सांगितलं की पुढचं भाऊंना सांगावं लागणार नव्हतं. आपल्याच हट्टानं वऱ्हाडाचं दार बंद झालं, हे त्या माणसाला एका दमात कळलं असतं. तो म्हणाला, "हात घसरला, भाऊ."

उत्तमरावांनी त्याच्या हातांकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि चालू लागले. नंतर ते कादरशी बोलले नाहीत. रस्त्यात गाठ पडली तर दुसरीकडं बघत. दोन वर्षांनी टीम पुन्हा कलकत्त्याला गेली, वऱ्हाडाचं नाव लावून आणि वऱ्हाडाचा माणूस न घेता, आणि पहिल्याच सामन्यात हरून आली. जिनामागच्या मैदानात बाभळी उगवल्या. कादर बोजे झेलत राहिला. फक्त एक शब्द त्यानं तोंडातून काढून टाकला. पाणी दे म्हणे, मले पाणी दे म्हणत नसे. घरात जेवणाच्या वेळी गौसिया सवयीनं विचारी, आधी कोनाले वाढू, आणि पोरं मले, मले करून घर डोक्यावर घेत. तेव्हा हा उठून दारात जाऊन उभा राही. गौसिया हात जोडून विनवी, भाऊले सांगून टाका, लोक तुमाले थुंकून राह्यले. हा नाही म्हणून मान हलवी आणि कामाला जाई.

पुढं उत्तमराव आजारी पडले ते उठलेच नाहीत. शेवटी एका दुपारी त्यांनी कादरला बोलावणं धाडलं. कादर धावत गेला. हाडांचा सापळा उरलेला तो माणूस बघून त्याला रडूच कोसळलं. उत्तमरावांनी त्याला जवळ बसवलं.

"मले राग नाई बे आता," ते म्हणाले. "येकच सांग. तुले गाडीवर बसवलं त्या दिवशी माहं तं काई चुकलं नोतं ना?"

कादरच्या मनात आलं, सांगावं. किती वर्षांचं ओझं, एका शब्दात उतरलं असतं. पण ते उतरून पडणार कुठं होतं, तर त्या खाटेवर.

"नाई, भाऊ. तुमचं काईच नाई चुकलं. हात घसरला."

उत्तमरावांनी मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. मग ते म्हणाले, "म्हंजे तुहंच चुकलं," आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. कादर बसून राहिला. ते पुन्हा वळले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

मसणवट्यात कादर सगळ्यांच्या मागं उभा होता. कोणी त्याला पुढं ये म्हटलं नाही. सगळे पांगल्यावर तो घरी आला, आंघोळ करून भिंतीला टेकला. जेवणवेळ झाली होती. पोरं ताटं घेऊन बसली होती. गौसियानं त्याच्याकडं पाहून विचारलं, सांगितलं काय? त्यानं नाही म्हणून मान हलवली. तिनं भाकरीचं टोपलं पुढं ओढलं आणि नेहमीच्या सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "आधी कोनाले वाढू?"

पोरांनी तोंडं उघडली आणि बापाकडं बघून तशीच मिटली. कादरचे दोन्ही हात पुढं आले होते, पंजे पसरलेले, बोटं ताठ.

"मले," तो म्हणाला. "मले." आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

गौसियानं त्या हातांवर भाकर ठेवली. या खेपेला मधे कोणी आलं नाही.