ताहेराबीच्या घोडीचं खोगीर

मित्रांनो, मी एक जुनं खोगीर आहे. बिनकामाची माणसं गोळा केली की तुम्ही त्याला 'खोगीरभरती' म्हणता. म्हणा खुशाल. पण माझ्या पोटात काय भरलंय ते आधी ऐकून घ्या.

माझं चामडं चिखलीच्या बाजारातलं. ताहेराबीच्या वडिलांनी तिच्या लग्नासाठी मला शिवून घेतलं. चालायला शिकण्याआधी ही पोरगी घोडीवर बसायला शिकली, असं ते कौतुकाने सांगत. बीबी या गावी सासरी येताना तिने भांडी नको म्हटली, एक घोडी आणि मला मागून घेतलं. सासूने नाक मुरडलं. नवरा शकूर मात्र खूश झाला, कारण तो वरातीला घोडी भाड्याने द्यायचा आणि त्याची घोडी म्हातारी झाली होती.

खोगिराची भर दबली की ती बदलावी लागते, नाहीतर घोडीच्या पाठीला जखम होते. लोक त्यासाठी बाजारातून चिंध्या आणतात. ताहेराबी मात्र घरातल्यांचे वापरून मऊ झालेले कपडे धुऊन माझ्यात भरायची. मुलगा अजहर याची झबली, शकूरचे विरलेले सदरे, सगळं माझ्या पोटात. "घोडी घरची हाये, त तिच्या पाठीले कपडा बी घरचाच लागन," असं ती म्हणायची.

एकदा उत्तमरावांच्या मुलाची, गणेशची, वरात होती आणि ऐन वेळी शकूर तापाने फणफणला. ताहेराबी स्वतःच लगाम धरून मारुतीच्या पारावर जाऊन उभी राहिली.

"बाई मानूस वरातीत घोडी धरन का?" उत्तमरावांनी विचारलं.

"घोडी माह्यी हाये," ती म्हणाली. "माह्या हातानं चालत नसन, त नवरदेव पायी न्या."

मुहूर्त टळत होता. शेवटी गणेशच पुढे आला आणि माझ्यावर बसला. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. पुढे लोक ताहेराबीचीच घोडी मागू लागले आणि लगाम कायम तिच्याच हातात राहिला.

मग शकूर गेला. वराती सजवलेल्या गाड्यांतून निघू लागल्या. माझी झालर उसवली, ती कोणी शिवली नाही. पण सत्तरी आली तरी ताहेराबी रोज संध्याकाळी चांदणी नावाच्या नव्या घोडीवरून शेतापर्यंत फेरी मारायचीच. एकदा ती पडली आणि तिचं मनगट मोडलं. अजहरचा आईवर फार जीव. तो घाबरला आणि त्याने घोडी विकायचं ठरवलं. वामनराव नावाचे ढाबेवाले घोडी बघायला आले.

"अम्मी, उद्या डोक्यावर पडली त आमी काय करावं?" अजहर म्हणाला. "तुले घोडी पाह्यजे का आमी?"

"दोनी."

वामनराव माझ्याकडे बघून म्हणाले, "हे खोगीर बी देऊन टाका. ढाब्यावर भिंतीले लावतो, शोभा येईन."

ताहेराबीने मला खुंटीवरून ओढलं आणि विळ्याने माझी शिवण उसवली. एक हात प्लास्टरमध्ये होता, तरी कोणाला हात लावू दिला नाही. मला दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. झबली, अजहरचा शाळेचा शर्ट, शकूरचा सदरा, सगळं अंगणात पडलं.

"याच्यातलं घरचं कोनतं अन् घोडीचं कोनतं, निवड," ती अजहरला म्हणाली. "घोडीचं असन तेवढं इकून टाक."

अजहरने शाळेचा शर्ट उचलला आणि त्याची घडी घातली. मग वामनरावांना म्हणाला, "काका, घोडी इकायची नाही. चहा घेऊन जा."

हात बरा झाल्यावर तिने ते कपडे परत भरून मला शिवलं आणि तिची फेरी पुन्हा सुरू झाली. आता लगाम धरून अजहर शेजारून चालायचा. "लगाम सोड बे," ती वरून दटावायची. तो सोडायचा, पण बाजूला होत नसे.

यंदा ताहेराबी गेली. घोडीवरून पडून नव्हे, आपल्या अंथरुणात, हे मुद्दाम सांगतो. तिचे कपडे वाटून टाकले, पण तिची हिरवी ओढणी अजहरने धुऊन माझ्यात भरली. टाके वेडेवाकडे आलेत. मला चालतील.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगणार नाही. शोभेसाठी भिंतीवर टांगणं म्हणजे जपणं असेल, तर मला जपू नका. मला वापरा. फाटलो तर घरचा कपडा भरा आणि पुन्हा वापरा.

काल संध्याकाळी अजहर लगाम धरून चालत होता. माझ्यावर त्याची मुलगी उमैमा बसली होती. शेत आलं तशी ती पाठ ताठ करून म्हणाली, "अब्बा, लगाम सोडा."