दुरुस्तीचा रकाना

अफूच्या खिडकीवर मी एकवीस वर्षं बसतोय. सरकारने अफू बंद केली तेव्हा जुन्या खाणाऱ्यांची एकदाच यादी केली, प्रत्येक नावापुढे ‘व्यसनी’ असा शिक्का मारला आणि नवं नाव चढणार नाही अशी यादी कायमची बंद करून टाकली. त्यातल्या माणसाला रोज दोन गोळ्या मिळतात. माणूस गेला की मी नाव खोडतो. आता दहा-बारा उरलेत.

त्यातलं एक नाव काकांचं, म्हणजे माझ्या मावशीच्या नवऱ्याचं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. गल्ली त्यांना ‘गोळीवाले’ म्हणायची आणि खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचो. रोज सकाळी ते रांगेत यायचे आणि मी मान वर न करता पुडी सरकवायचो. माझ्या लग्नात मी त्यांना पार मागे बसवलं होतं.

परवा काका गेले. आज मावशी खिडकीशी आली. नाक गळत होतं, हात थरथरत होते. रडून रडून झालं असेल असं मला वाटलं.

"तू कशाला आलीस? नाव मी खोडतो ना."

"नाव खोड आणि तो शिक्काही खोड. त्यांनी कधी तोंडात धरली नाही. मी खाते. धाकटीच्या वेळी बाळंतपणात दुखणं मागे लागलं, तेव्हापासून."

मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"बाईच्या नावापुढे तसलं काही नको, म्हणून त्यांनी आपलं नाव दिलं. भिंग लावून एवढ्याशा चाकांशी खेळणारा माणूस रे तो, गुंगीत जमतं का ते? तुला एवढंही दिसलं नाही?"

नाही दिसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवं नाव चढवायची सोय नव्हती. चुकीच्या नोंदीची दुरुस्ती तेवढी करता येत होती, पण तिच्यात खरं नाव आणि कारण लिहावं लागतं, आणि तो कागद आठवडाभर बाहेरच्या फळ्यावर लागतो. मी आवाज खाली आणला.

"मावशी, तुझ्या गोळ्यांचं दवाखान्यातून काहीतरी बघतो. कुणाला कळायचं नाही."

"चाळीस वर्षं कुणाला कळलं नाही, तेवढं पुरे. लिही."

"कारण काय लिहू?"

"लाज लिही."

मी लिहिलं. ‘व्यसनी’चा शिक्का उचलला, पण हात काही खाली जाईना. तिने खिडकीतून हात घालून तो माझ्याकडून काढून घेतला आणि आपल्या नावापुढे आपणच दाबला. जरा वाकडा उठला, पण वाचता येत होता.